भांडाराच्या किल्ल्या



गेल्या महिन्यात या सदराच्या पत्त्यावर एका भगिनींचे चार पानी पत्र आले. नाव-गाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे. घरात उपवर कन्या आहे, आणि मधुमेहाचा विषय निघाला की स्थळे कशी मागे फिरतात हे आपणा सर्वांस ठाऊकच आहे. कापडाची पिढीजात पेढी, सुखवस्तू कुटुंब. बावीस वर्षांच्या सडपातळ चिरंजिवांना अचानक मधुमेहाचे निदान झाले. त्यांच्या वडिलांना तो अठ्ठाविसाव्या वर्षी झाला होता, आजोबांना सव्विसाव्या. भगिनी लिहितात की घरात रात्रिभोजन नाही, कंदमूळ नाही, मुलगा मिठाईला हात लावीत नाही, रोज पहाटे टेकडी चढतो. मग हे आले कोठून? यजमान एवढेच म्हणतात की ते आमच्या रक्तातच आहे. त्यावर भगिनींचा प्रश्न असा : रक्तात आहे म्हणजे नेमके कोठे आहे?

असा नेमका प्रश्न फार थोडे लोक विचारतात. त्याच पत्राच्या तिसऱ्या पानावर, जाता जाता लिहिलेले एक वाक्य आहे. सासऱ्यांना डॉक्टरांनी इन्सुलिन सुचविले होते, परंतु ते डुकराच्या व बैलाच्या स्वादुपिंडातून काढतात हे कळताच त्यांनी ठाम नकार दिला आणि पुढची चाळीस वर्षे ते एका लहानशा गोळीवर राहिले. या वाक्याने मला थांबविले. त्याच्याकडे मी पुढे येईनच. परंतु ते समजण्यासाठी इन्सुलिन शरीरात कोणाच्या आज्ञेने तयार होते, हे आधी पाहिले पाहिजे.

इन्सुलिन हे पेप्टाइड संप्रेरक आहे. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांचे मणी ओवून केलेली माळ. इन्सुलिनमध्ये असे ५१ मणी असून ते दोन सरांत विभागलेले आहेत, एकात २१ आणि दुसऱ्यात ३०. हा क्रम इंग्लंडच्या फ्रेडरिक सँगर यांनी १९५५ पर्यंत उलगडला व त्यासाठी त्यांना १९५८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मणी कोणत्या क्रमाने ओवायचे याची टिपण आपल्या अकराव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेच्या टोकाजवळ लिहिलेली आहे. त्या टिपणाला इन्सुलिनचे जनुक म्हणतात.

हे जनुक केवळ स्वादुपिंडात असते असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः ते शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत आहे. डोळ्यात आहे, त्वचेत आहे, मेंदूत आहे. एखाद्या मोठ्या पेढीने आपली संपूर्ण वही प्रत्येक शाखेला अक्षरशः तशीच नकलून पाठवावी, तसा हा प्रकार आहे. सुमारे वीस हजार पानांची वही सर्वांपाशी आहे, परंतु प्रत्येक शाखा आपापली पानेच उघडते. इन्सुलिनचे पान उघडणारी शाखा एकच, ती म्हणजे स्वादुपिंडातील बीटा पेशी. जर्मनीच्या पॉल लँगरहान्स यांनी १८६९ साली स्वादुपिंडात विखुरलेले पेशींचे जे लहान लहान पुंजके पाहिले, त्यांत या पेशी राहतात. हे सारे पुंजके एकत्र केले तरी स्वादुपिंडाच्या वजनाचा शंभरातील एक-दोन भागच भरतो. एवढ्याशा जागेवर साऱ्या शरीराच्या साखरेचा हिशेब चालतो.

तर मग बाकीच्या पेशींत हे पान मिटलेले का राहते, आणि बीटा पेशीत ते उघडते कोण?

प्रत्येक जनुकाच्या आरंभापूर्वी अक्षरांचा एक पट्टा असतो. त्यातून कोणतेही प्रथिन बनत नाही. त्याला आपण जनुकाचा उंबरठा म्हणू. इन्सुलिनच्या जनुकाचा हा उंबरठा जेमतेम साडेतीनशे अक्षरांचा आहे. जनुकाची नक्कल काढणारे यंत्र या उंबरठ्यावर येऊन बसले तरच काम सुरू होते, आणि ते यंत्र येथे आपण होऊन सहसा येत नाही. त्याला आणणारी वेगळी प्रथिने असतात. त्यांना प्रतिलेखन घटक म्हणतात. तलाठी कार्यालयातून उताऱ्याची नक्कल हवी असेल तर आधी अर्जावर योग्य त्या सह्या लागतात. प्रतिलेखन घटक म्हणजे त्या सह्या करणारे अधिकारी. त्यांतील प्रत्येक जण उंबरठ्यावरील काही ठरावीक अक्षरेच ओळखतो आणि तेथेच बसतो.

इन्सुलिनच्या उंबरठ्यावरील तीन अधिकारी प्रमुख आहेत : पीडीएक्स-१, न्यूरोडी-१ आणि माफ-ए. नावे रूक्ष आहेत, पण त्यांच्या शोधाच्या कथा तशा नाहीत.

पीडीएक्स-१ हा १९९३-९४ च्या सुमारास वेगवेगळ्या प्रयोगशाळांना जवळजवळ एकाच वेळी सापडला आणि प्रत्येकीने त्याला आपापले नाव दिले. त्यामुळे जुन्या ग्रंथांत तो निरनिराळ्या नावांनी भेटतो. स्वीडनच्या उमिओ येथील संशोधकांनी १९९४ मध्ये उंदरांतून हे जनुक काढून टाकले, तेव्हा त्या पिलांचे स्वादुपिंड घडलेच नाही. इन्सुलिनच्या जनुकाची कळ म्हणून जो शोधला, तो साऱ्या अवयवाचाच शिल्पकार निघाला. तीनच वर्षांनी बोस्टन येथील संशोधकांनी जन्मतः स्वादुपिंड नसलेल्या एका बालकाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्याच्या पीडीएक्स-१ जनुकाच्या दोन्ही प्रतींत एकच अक्षर गळालेले होते. एक सदोष प्रत आईकडून आली होती, एक वडिलांकडून. ज्यांच्याकडे एक प्रत सदोष व एक चांगली होती अशा त्या घराण्यातील अनेकांना तरुणपणीच मधुमेह झालेला होता, आणि तो कित्येक पिढ्यांमधून चालत आलेला होता. भगिनींच्या प्रश्नाचे उत्तर या हकिकतीत जवळजवळ आलेच आहे.

न्यूरोडी-१ ची कथा निराळी. १९९५ साली सिएटल येथील एक गट मज्जापेशी कशा घडतात याचा शोध घेत होता, तर ह्यूस्टन येथील दुसरा गट इन्सुलिनच्या उंबरठ्यावर कोण बसते ते पाहत होता. दोघांच्या हाती एकच प्रथिन आले. मेंदूत ते मज्जापेशी घडविते आणि स्वादुपिंडात इन्सुलिनच्या अर्जावर सही करते. तेही एकटे बसत नाही. बहुतेक सर्व पेशींत आढळणारे दुसरे एक प्रथिन जोडीला घेऊनच बसते.

तिसऱ्याने शास्त्रज्ञांना फार काळ चकविले. उंबरठ्याच्या एका जागी कोणीतरी बसते, तेही केवळ बीटा पेशीत आणि साखर वाढली की अधिक जोमाने, एवढे वर्षानुवर्षे ठाऊक होते. कागदावर सही दिसत होती, माणूस सापडत नव्हता. अखेर २००२ साली तो सापडला आणि त्याला माफ-ए असे नाव पडले.

आता या तिघांच्या सहकार्याकडे वळू, कारण खरी मौज तेथे आहे.

आपल्यापैकी अनेकांनी मंदिराच्या ट्रस्टचे काम पाहिले असेल. भांडाराच्या तिजोरीला दोन किंवा तीन कुलपे असतात आणि किल्ल्या वेगवेगळ्या विश्वस्तांकडे असतात. सर्व जण हजर असल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. एका विश्वस्ताची किल्ली चालली म्हणून एक तृतीयांश रक्कम बाहेर येत नाही. इन्सुलिनच्या जनुकाचा कारभार पुष्कळसा असाच आहे. इन्सुलिन न बनविणाऱ्या पेशींत या तिघांपैकी एकच घटक घातला तर जनुक जेमतेम कुरकुरते. तिघे एकत्र घातले तर जो परिणाम होतो, तो तिघांच्या स्वतंत्र परिणामांच्या बेरजेच्या कितीतरी पट असतो. व्यापाऱ्याच्या हिशेबात एक, एक आणि एक यांचे तीन होतात. येथे ते तसे होत नाहीत.

हे कसे घडते? तीन गोष्टी ठाऊक आहेत. पहिली म्हणजे उंबरठ्यावरील त्यांच्या जागा जवळजवळ आहेत आणि हे घटक एकमेकांना प्रत्यक्ष स्पर्श करतात. पीडीएक्स-१ आणि न्यूरोडी-१ ची जोडी परस्परांना धरून बसते, त्यामुळे एकट्याने बसला असता तर जो सहज निसटला असता तो दुसऱ्याच्या आधाराने टिकतो. दुसरी गोष्ट : डीएनएचा धागा पेशीत मोकळा पडलेला नसतो. तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो आणि गुंडाळी घट्ट असेल तर पान वाचताच येत नाही. ही गुंडाळी सैल करणारे पी-३०० नावाचे एक अवाढव्य प्रथिन आहे. त्याला स्वतःला अक्षरे वाचता येत नाहीत. कोणीतरी बोलावून नेईल तेथे ते जाते. एका घटकाचा हात त्याला पुरेसा पकडू शकत नाही, तिघांचे हात पकडतात. ते येते, रिळांवर रासायनिक खुणा करते, गुंडाळी सैल होते, नक्कल काढणारे यंत्र आत येते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत विलक्षण वाटते. हे तिघे साखरेच्याच बोलावण्यावर येतात. रक्तातील साखर कमी असताना पीडीएक्स-१ बराचसा केंद्रकाच्या कडेला किंवा बाहेर असतो आणि त्याची सोबत अशा प्रथिनांशी असते की जी गुंडाळी उलट घट्ट करतात. जेवणानंतर साखर वाढली की तो केंद्रकात शिरतो आणि जुनी सोबत सोडून पी-३०० चा हात धरतो. न्यूरोडी-१ ही साखरेच्या संकेताने केंद्रकाकडे सरकतो. माफ-ए चे तर प्रमाणच वाढते. जी वस्तू आवरायची, तिनेच आवरणाऱ्यांना बोलवायचे, अशी ही रचना आहे.

येथे तिजोरीच्या दृष्टान्ताची मर्यादाही सांगितली पाहिजे. तिजोरी एक तर उघडी असते किंवा बंद. जनुक मात्र कमी-अधिक उघडते, आणि सही करणारे तिघेच नाहीत. उंबरठ्यावर आणखीही अनेक येऊन जातात. कोणी अनुपस्थित असला तर काम अगदीच थांबत नाही, पण इतके मंदावते की शरीराला ते पुरत नाही. भगिनींच्या घरात असेच काही घडत असावे का, हा प्रश्न मनात धरून पुढे जाऊ.

या तिघांपैकी पहिले दोघे तरी इन्सुलिनपुरते मर्यादित नाहीत. पीडीएक्स-१ लहान आतड्याच्या आरंभीच्या भागातही असतो, न्यूरोडी-१ मेंदूत असतो. माफ-ए प्रौढ स्वादुपिंडात केवळ बीटा पेशीतच आढळतो हे खरे, परंतु डोळ्याच्या भिंगाच्या घडणीतही त्याच्या कुळाचा वावर आहे. म्हणजे केवळ इन्सुलिनसाठी असा राखीव अधिकारी निसर्गाने क्वचितच नेमला. त्याने त्याच त्या माणसांची निरनिराळी मंडळे केली, आणि हे विशिष्ट मंडळ एकाच ठिकाणी बसविले. वीस हजार पानांच्या वहीसाठी वीस हजार स्वतंत्र किल्लीदार ठेवणे परवडले नसते. मोजक्या किल्ल्यांच्या वेगवेगळ्या जुड्यांनी काम भागते.

हे खरे असेल तर हे मंडळ दुसऱ्या पेशीत बसवून तेथेही पान उघडता यावे. जपानी संशोधकांनी २००५ मध्ये तसे केले. मधुमेही उंदरांच्या यकृतात त्यांनी हे तिन्ही घटक पोहोचविले आणि यकृताच्या पेशी इन्सुलिन बनवू लागल्या. उंदरांची साखर सुधारली. तीन वर्षांनी हार्वर्ड विद्यापीठाच्या डग्लस मेल्टन यांच्या गटाने थोडे वेगळे त्रिकूट वापरून उंदराच्या स्वादुपिंडातील पाचकरस बनविणाऱ्या पेशींचे बीटा पेशींसारख्या पेशींत रूपांतर केले. त्या त्रिकुटातही पीडीएक्स-१ आणि माफ-ए होतेच. मेल्टन यांच्या दोन्ही मुलांना बालपणापासूनचा मधुमेह आहे आणि त्यासाठीच त्यांनी आपल्या संशोधनाची दिशा बदलली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे.

आता पत्रापेक्षा निराळ्या, परंतु आपल्या समाजात घरोघरी आढळणाऱ्या मधुमेहाविषयी थोडे. पन्नाशीकडे झुकताना, गल्ल्यावर बसून बसून येणारा हा टाइप २ मधुमेह. त्यात या तिघांची जनुके बहुधा धडधाकट असतात. परंतु साखर महिनोन्महिने चढलेली राहिली की बीटा पेशीत विषारी ऑक्सिजन-संयुगे साठतात. त्यांचा निचरा करणारी विकरे बीटा पेशीत जन्मतःच कमी असतात, आणि या माऱ्यात माफ-ए फार लवकर ढासळतो. पीडीएक्स-१ ही घटतो. मघाशी ज्या साखरेने विश्वस्तांना बोलावले, तीच सतत दारात उभी राहिली की विश्वस्तांना पळवून लावते. पेशी जिवंत असते, पान तेथेच असते, पण उघडणारे मंडळ मोडलेले असते.

प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींत असे दिसले आहे की त्यांना चढ्या साखरेतून लवकर बाहेर काढले तर इन्सुलिनचे काम बरेचसे पूर्ववत होते. जितका उशीर, तितके कमी. माणसांतही याच्याशी जुळणारा अनुभव आहे. नुकतेच टाइप २ चे निदान झालेल्या रुग्णांना चीनमध्ये आरंभीच थोडे आठवडे इन्सुलिन देऊन साखर काटेकोर आवरली आणि मग औषध थांबविले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वर्षानंतरही सुमारे निम्म्या रुग्णांची साखर औषधाविना ताब्यात होती. इन्सुलिन सुरू झाले म्हणजे आता शेवट आला, असे मानून आपल्याकडे पाच-पाच वर्षे ते टाळले जाते. चढ्या साखरेचे ते प्रत्येक वर्ष त्या मंडळाच्या मुळावर येत असते, हे टाळणाऱ्यास कोणी सांगत नाही. हे वाचून कोणी पेशींना विश्रांती म्हणून आपल्याच मनाने दीर्घ उपवास करू नयेत, ही कळकळीची विनंती. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना डॉक्टरांना न विचारता केलेल्या उपवासात साखर घसरून प्राणावर बेतू शकते.

आता त्या सासऱ्यांच्या नकाराकडे येतो.

त्यांचा नकार अज्ञानातून आलेला नव्हता. टोरोंटो येथे १९२१-२२ मध्ये बँटिंग, बेस्ट, मॅक्लिऑड व कॉलिप यांनी इन्सुलिन मिळविले आणि जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला ते टोचले गेले, तेव्हापासून पुढची साठ वर्षे जगातील इन्सुलिन मुख्यतः कत्तलखान्यांतून येणाऱ्या बैल व डुकरांच्या स्वादुपिंडांतून निघत होते. आपल्या घरांतील कित्येकांनी त्या काळी दातओठ खाऊन ते घेतले, कित्येकांनी घेतले नाही. न घेणाऱ्यांपैकी काही लवकर गेले. मी कोणालाच दोष देणार नाही.

ही कोंडी फुटली तीही किल्ल्यांच्याच ज्ञानामुळे. जिवाणूंकडून इन्सुलिन बनवून घ्यावे असे ठरले तेव्हा अडचण अशी होती की जिवाणूपाशी पीडीएक्स-१ नाही, न्यूरोडी-१ नाही, माफ-ए नाही. माणसाचे जनुक उंबरठ्यासह त्याच्यात ठेवले असते तर ते पान कायमचे मिटलेलेच राहिले असते. म्हणून १९७८ मध्ये कॅलिफोर्नियातील जेनेन्टेक व सिटी ऑफ होप येथील शास्त्रज्ञांनी मानवी उंबरठा टाकूनच दिला. इन्सुलिनच्या दोन सरांची टिपणे त्यांनी प्रयोगशाळेत अक्षराला अक्षर जोडून रसायनांपासून तयार केली आणि ती जिवाणूच्या स्वतःच्या एका उंबरठ्यामागे बसविली. तो उंबरठा निसर्गतः दुधातील साखर पचविण्याच्या जनुकांचा आहे. जिवाणूला वाटते की आपण दुधाच्या साखरेची व्यवस्था करीत आहोत, आणि बनते माणसाचे इन्सुलिन! अमेरिकेत १९८२ साली हे औषध मान्य झाले. आपल्याकडे वॉकहार्टने २००३ साली असे मानवी इन्सुलिन यीस्टच्या साहाय्याने बनवून बाजारात आणले. त्याचा कारखाना तेव्हाच्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात. पुढल्या वर्षी बंगळूरच्या बायोकॉननेही आणले. जिवाणू आणि यीस्ट हेही जीवच आहेत, असे म्हणणारे वाचक मला ठाऊक आहेत. त्याचे उत्तर मुनिमहाराजांना विचारावे. माझा तो अधिकार नाही. एवढे मात्र सांगतो, की बैल व डुकराचा प्रश्न आज औषधाच्या दुकानात उरलेला नाही. शंका असेल तर वेष्टनावर ‘ह्यूमन’ किंवा ‘आर-डीएनए’ हे शब्द पाहावेत.

भगिनींच्या घरी परत येऊ. सव्विसाव्या वर्षी मधुमेह, इन्सुलिनला नकार, आणि तरीही चाळीस वर्षे लहानशा गोळीवर निभावलेले आयुष्य. नेहमीच्या टाइप १ मधुमेहात हे शक्य नव्हते. इन्सुलिनवाचून काही महिनेही अवघड. टाइप २ म्हणावे तर सडपातळ तरुणांत, सलग तीन पिढ्या, हेही नेहमीचे नव्हे. अशा घराण्यांतील काहींत एक वेगळाच मधुमेह असतो. त्याला मोडी म्हणतात. आपल्या जुन्या चोपड्यांतील मोडी लिपीशी त्याचा संबंध नाही. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांनी झालेला तो योगायोग आहे. यात दोष एकाच जनुकात असतो, आणि ते जनुक बहुधा एखाद्या प्रतिलेखन घटकाचेच असते. पीडीएक्स-१ व न्यूरोडी-१ यांच्या दोषांनी होणारे प्रकार दुर्मीळ आहेत. अधिक आढळणारा प्रकार एचएनएफ-१-ए या घटकाच्या दोषाने होतो. तो १९९६ साली ओळखला गेला. हा घटकही त्याच विश्वस्त मंडळींतला, बीटा पेशीतील अनेक पानांवर सह्या करणारा. त्याच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली असते, आणि आईबापांपैकी एकाकडे ती असेल तर प्रत्येक अपत्याकडे येण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो वा मुलगी. यजमान म्हणतात ते ‘रक्तात आहे’, ते कदाचित येथे आहे : एका सही करणाऱ्या प्रथिनाच्या टिपणातील एखाद्या अक्षरात.

या प्रकारात गोदाम रिकामे नसते. इन्सुलिन असते, पण साखर वाढली आहे ही वर्दी बीटा पेशीला नीट पोहोचत नाही. सल्फोनिलयुरिया वर्गातील जुन्या, स्वस्त गोळ्या त्या वर्दीची वाटच पाहत नाहीत. त्या पेशीच्या दारावर थेट थाप देतात आणि माल बाहेर काढतात. म्हणूनच या रुग्णांना त्या गोळ्यांची अगदी अल्प मात्रा विलक्षण लागू पडते. इंग्लंडमधील एक्सेटर येथील वैद्यांनी २००३ मध्ये हे पद्धतशीर दाखवून दिले, आणि वर्षानुवर्षे इन्सुलिन टोचणारे अनेक रुग्ण त्यानंतर गोळीवर आले. या वर्गातील सुरुवातीच्या गोळ्यांपैकी एक, टोलब्युटामाइड, १९५६-५७ च्या सुमारास युरोप-अमेरिकेत आली होती. सासऱ्यांची लहानशी गोळी कोणती, ते भगिनींनी लिहिलेले नाही. परंतु घरात जुन्या चिठ्ठ्या जपून ठेवण्याची पद्धत असेल, आणि पेढीवाल्यांच्या घरात ती असतेच, तर ती चिठ्ठी शोधावी.

पत्रावरून निदान करण्याचा अधिकार मला नाही, मी डॉक्टरही नाही. भगिनींना मी एवढेच कळविले आहे की एका कागदावर तीन पिढ्यांची वंशावळ काढावी. कोणाला कितव्या वर्षी मधुमेह झाला, वजन किती होते, कोणते औषध लागू पडले, हे प्रत्येक नावापुढे लिहावे. साखर फारशी चढलेली नसतानाच कोणाच्या लघवीत साखर सापडली होती का, तेही लिहावे. या प्रकारात तसे होते. तो कागद मधुमेहतज्ज्ञांपुढे ठेवून, टाइप १ मध्ये सापडणारी प्रतिपिंडे चिरंजिवांच्या रक्तात आहेत का आणि मोडीची जनुक-तपासणी करावी का, असे विचारावे. चेन्नईच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनसारख्या संस्थेत या विषयावर दीर्घकाळ काम झाले आहे. रक्ताचा नमुना पाठवूनही अशी तपासणी होऊ शकते. चिरंजिवांना सध्या दिवसातून चार वेळा इन्सुलिन टोचावे लागते. अहवाल हाती येईपर्यंत त्यांनी ते एक वेळही चुकवू नये, हे मी पत्रात दोनदा लिहिले आहे.

उपवर कन्येविषयी त्यांनी काही विचारले नव्हते. तरी मी शेवटी एक ओळ घातली की भावाचा दोष नेमका ठरला तर बहिणीची तपासणी त्याच एका अक्षरापुरती, सोपी होईल. आणि ती करावी की नाही हे त्या मुलीने स्वतः ठरवावे. काल त्यांचे उत्तर आले. मुलीने पत्र वाचले असून माळ्यावरची आजोबांची औषधांची पेटी तिनेच खाली काढली आहे.